तीन तारे, तेही मोजून: थेसिसची कामं करणाऱ्या एका दुकानाबद्दल

पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आसपास झेरॉक्सची जी दुकानं आहेत, त्यांतल्या एकात मी यंदा एप्रिल ते जून जवळजवळ मुक्कामालाच होते. पाटीवर लिहिलंय, ‘सांख्यिकी विश्लेषण, टायपिंग, बाइंडिंग, मराठी गोषवारा, सर्व एका छताखाली’. छत पत्र्याचं आहे. एप्रिलच्या दुपारी त्या छताखाली बसून बटाट्याच्या २४० झाडांचे आकडे तपासून बघा, मग कळेल.

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. चुका त्यांनी केल्या तशा निस्तरूनही दिल्या, आणि पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण तिथेच बाइंडिंगला जाणार आहे. पण ज्युनिअर मुलं सारखी विचारतात, ‘ताई, कसं आहे ते दुकान, आकडे देऊन टाकू का?’ त्यांना एकदाच सविस्तर सांगून टाकते.

आधी माझं काम काय होतं ते, नाहीतर तक्रारी कळायच्या नाहीत. एम.एस्सी. अॅग्रीला माझा विषय वनस्पती पैदासशास्त्र, पीक बटाटा. सोळा वाण, तीन पुनरावृत्त्या, म्हणजे ४८ वाफे. प्रत्येक वाफ्यातली पाच झाडं खुणेची. नोव्हेंबरात ६० बाय २० सेंटिमीटरवर लागवड, फेब्रुवारीत काढणी. वाणांमध्ये कुफरी ज्योती होता, १९६८ सालचा. कुफरी लवकर होता, तो १९७२ चा, माझ्या आप्पांच्याच वयाचा. पुखराज आणि चिप्सोना दोन्ही १९९८ चे. उष्णतेत तग धरणारा सूर्या २००६ चा. बाकी काही नुसते नंबरांचे क्लोन, ज्यांना अजून नाव मिळालेलं नाही आणि बहुतेक मिळणारही नाही. या सगळ्यांची उंची, झाडामागे मुख्य खोडं, पानं, पाल्याचं वजन, पक्व व्हायचे दिवस, बटाट्यांची संख्या, एका बटाट्याचं सरासरी वजन, कोरडा पदार्थ असं सगळं मोजायचं आणि सांगायचं की यातला कुठला गुण उत्पादनाशी खरा बांधलेला आहे.

‘वजन करा की सरळ, एवढं कशाला मोजायचं,’ असं आईने विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. बटाट्याला फुलं येतात, संकर केला की हिरव्या टोमॅटोसारखी बारकी फळं धरतात आणि त्यातलं बी पेरलं की उगवणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं. बटाट्यात गुणसूत्रं ४८, चार संचांची, त्यामुळे एकाच आईबापांची हजार पोरं आणि हजारांची हजार तोंडं. पहिल्या वर्षी प्रत्येकाचं एकच रोप हातात. एका रोपाचं वजन करून काय कळणार? पुढच्या वर्षी त्याची चार-पाच झाडं, मग एक ओळ, मग वाफा. वाण बाहेर पडेपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. म्हणून सुरुवातीलाच, नुसतं झाड बघून, ‘हे ठेवा, हे टाका’ म्हणता येईल अशी एखादी खूण सापडली तर सोनंच. रोपाच्या अवस्थेत नजरेने उत्पादन ओळखणं फारसं जमत नाही, हे पैदासकारांना कधीचं माहीत आहे. तरी शोध चालूच असतो, आणि त्या शोधातली एक बारकी चिंधी म्हणजे माझा थेसिस.

आता दुकान.

काउंटरवर काका. गळ्यात चष्मा, हातात स्टेपलर, तोंडात कायम ‘होऊन जाईल’. आतल्या कॉम्प्युटरवर एक दादा, संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलेला, कानात हेडफोन. विश्लेषणाचे ४,५०० रुपये, टायपिंग पानाला २५, बाइंडिंग प्रतीला ३५० आणि मराठी गोषवारा ५०० रुपये. मी सगळंच दिलं. हा माझा आळस होता, त्यांचा दोष नाही. ओपीस्टॅट नावाचं हिसारच्या कृषी विद्यापीठातून आलेलं फुकट साधन आहे, माझ्या रूममेटने सगळं त्याच्यावर स्वतः केलं. पण तिची काढणी माझ्याआधी पंधरा दिवस झाली होती आणि माझ्या डोक्यात तारीख वाजत होती.

पाच दिवसांनी कागद हातात आले. स्पायरल केलेले, चकचकीत, आणि सहसंबंधाच्या, म्हणजे कुठला गुण कुठल्याबरोबर किती वाढतो-घटतो त्याच्या, तक्त्यात तारेच तारे! उंचीला तारा, पानांना दोन तारे, पाल्याला दोन तारे, अगदी उगवणीच्या टक्क्यालाही तारा. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी: आकड्यापुढे एक तारा म्हणजे खरा संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा आकडा निघण्याची शक्यता कमी, दोन तारे म्हणजे आणखी कमी. मी आनंदाने चहा प्यायला गेले. माझ्या गाइड मॅडमनी तक्ता बघितला आणि एकच विचारलं, ‘डिग्री ऑफ फ्रीडम किती धरलीय?’ म्हणजे तारा द्यायचा की नाही हे ठरवताना किती स्वतंत्र आकडे हिशेबात धरले.

धरली होती ४६. ४८ वाफे, वजा दोन. पण सहसंबंध काढला होता सोळा वाणांच्या सरासऱ्यांवर, म्हणजे सोळा वजा दोन, चौदाच हवी. चौदाला तारा मिळवायचा तर आकडा किमान ०.४९७ पाहिजे. ४६ ला ०.२८५ वर भागतं. माझ्या उंचीचा उत्पादनाशी सहसंबंध होता ०.४१. म्हणजे दुकानाच्या हिशेबात ती पास, खऱ्या हिशेबात नापास. निम्मे तारे गळून पडले.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘ताई, सगळे असंच करून नेतात.’ हे वाक्य मला त्या दुकानात एकूण चार वेळा ऐकायला मिळालं.

दुसरी भानगड याहून मोठी, आणि तिच्यासाठी थोडं थांबावं लागेल. नुसता सहसंबंध फसवतो. आमच्या गावात ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्याचा बटाटा जास्त, असं दिसतं. पण ट्रॅक्टरवाल्याकडेच विहीर असते, ठिबक असतं, वेळेवर बेणं घ्यायला पैसे असतात. मग बटाटा ट्रॅक्टरने वाढला की पाण्याने? हे वेगळं करायला मार्ग विश्लेषण म्हणजे पाथ अॅनालिसिस करतात. ही पद्धत स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९२१ सालची. पिकांच्या पैदाशीत ती रुळली १९५९ नंतर, जेव्हा अमेरिकेत दोघांनी एका चाऱ्याच्या गवताच्या बियाण्याच्या उत्पादनावर ती वापरून दाखवली. एखाद्या गुणाचा उत्पादनाशी जो एकूण संबंध दिसतो, त्याचे ती तुकडे करते: एवढा त्याचा स्वतःचा, थेट, आणि एवढा दुसऱ्या गुणांच्या आडून आलेला. फक्त एक अट असते. कोण कारण आणि कोण परिणाम, ते बाण आपण काढायचे. सॉफ्टवेअर ते काढत नाही, त्याला बटाटा आणि बेदाणा सारखाच.

आमच्या दुकानात बाण कोणी काढलेच नव्हते. एक्सेलमध्ये जेवढे रकाने होते तेवढे सगळे कारणं म्हणून ढकलून दिले आणि शेवटचा रकाना, हेक्टरी उत्पादन, परिणाम. त्या रकान्यांत झाडामागचं उत्पादनही होतं आणि विक्रीयोग्य उत्पादनही. म्हणजे उत्पादनाचं कारण काय, तर उत्पादन! तक्त्यात झाडामागच्या उत्पादनाचा थेट परिणाम आला १.८४ आणि विक्रीयोग्य उत्पादनाचा उणे ०.९७. एकाच बैलाला दोन नावं द्यायची आणि मग विचारायचं की नांगर कोणी ओढला, अशातला हा प्रकार. दोन रकाने जवळजवळ सारखे असले की गणिताला श्रेय वाटता येत नाही. मग ते एकाला अव्वाच्या सव्वा देतं आणि दुसऱ्याकडून वसूल करतं. विक्रीयोग्य बटाटा वाढला की उत्पादन घटतं, असा त्या उणे ०.९७ चा अर्थ होतो. हे आमच्या गावात कोणाला सांगितलं तर माझ्या फीचे पैसे आप्पांनी का भरले असं विचारतील.

आणि गंमत पुढे आहे. थेट परिणाम किती मोठा हे ठरवायला आपल्याकडच्या थेसिसांत १९७३ चा एक मापदंड वापरतात: ०.१० च्या खाली नगण्य, मग कमी, मग मध्यम, ०.३० च्या वर उच्च आणि १ च्या वर खूप उच्च. दुकानाने त्याच्याबरहुकूम लिहून टाकलं होतं, ‘खूप उच्च थेट परिणाम आढळला, सबब या गुणावर थेट निवड फायदेशीर ठरेल.’ एकाच्या वरचा आकडा अशक्य नसतो, पण दिसला की आधी रकान्यांकडे संशयाने बघायचं असतं. इथे त्याचा सत्कार झाला होता. त्याच परिच्छेदात दोन ओळी खाली लिहिलं होतं, ‘त्याखालोखाल झाडावरील घाट्यांच्या संख्येचा’. घाटे! हरभऱ्याचे! कोणाचा तरी जुना थेसिस उघडून पीक बदललं होतं, घाटे बदलायचे राहिले.

त्या दिवशी मी काउंटरवर जरा आवाज चढवला. काकांनी नेहमीचं ‘होऊन जाईल’ म्हणून पाहिलं, मग चहा मागवला आणि दादाचे हेडफोन काढून घेतले. इथून पुढचे दोन तास या दुकानाला माझ्याकडून जे तीन तारे मिळणार आहेत त्यांतल्या दोघांचे मालक आहेत.

दादा हुशार आहे. त्याला कोणी विचारत नाही एवढंच. मी म्हटलं, दोन्ही उत्पादनं कारणांतून काढ. त्याने काढली. मग राहिले बटाट्यांची संख्या आणि सरासरी वजन, दोघांचेही थेट परिणाम दणदणीत, आणि अवशेष जवळजवळ शून्य. म्हणजे उत्पादनातला सगळा फरक या दोनच गुणांनी समजावून सांगितला. मी खूश झाले. दादा मात्र कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे बघत राहिला. ‘ताई, सरासरी वजन कसं काढलंत?’

‘झाडाचं एकूण वजन भागिले बटाटे.’

‘मग संख्या गुणिले सरासरी म्हणजे एकूण वजनच की. हे तर आपण पाढा म्हटला.’

मी गप्प. अगदी खरं होतं. कितीतरी थेसिसांत हे दोन गुण ‘उत्पादनाचे प्रमुख घटक’ म्हणून मिरवतात, आणि ते चूकही नाही, पण आयताची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळाचं कारण सापडलं म्हणण्यासारखं आहे. खरा प्रश्न एक पायरी खाली आहे. संख्या कशाने ठरते? वजन कशाने ठरतं? दादाने फुकट गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर चित्र काढलं. वर उत्पादन. त्याखाली दोन गोल, संख्या आणि वजन, आणि त्या दोघांमध्ये उणे खूण, कारण ते एकमेकांच्या ताटातलं ओढतात: बटाटे जास्त लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी. त्याच्याही खाली खोडं, उंची, पाल्याचं वजन, पक्वतेचे दिवस. दोन मजली बाण. तो कागद मी जपून ठेवलाय. मागच्या बाजूला कोणाचं तरी रेशन कार्ड अर्धवट छापलंय.

त्या चित्रावर पुन्हा आकडे चालवले तेव्हा उंचीचा स्वतःचा परिणाम जवळजवळ शून्यावर आला. ०.४१ जो दिसत होता तो पाल्याच्या वजनाच्या खांद्यावर बसून आला होता. खोडांच्या संख्येने बटाट्यांची संख्या वाढवली होती आणि तेवढ्यानेच सरासरी वजन खाली ओढलं होतं, म्हणून उत्पादनाशी तिचा एकूण संबंध फिका. पक्व व्हायला जास्त दिवस घेणाऱ्या वाणांचा बटाटा मोठा, कारण पाला हिरवा राहतो तितके दिवस खाली फुगवण चालू. हे सगळं पुस्तकात होतंच. पण माझ्या वाफ्यांतून, माझ्या आकड्यांतून ते असं जागच्या जागी बसताना बघितलं तेव्हा पत्रा तापल्याचं विसरले.

आता यातला एक धागा मला आधीच कळायला हवा होता, कारण तो आमच्या घरातला आहे. आम्ही सातगाव पठाराचे, पेठजवळचे. तिथे पावसाळ्यात बटाटा होतो, जूनअखेर लावायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायचा. उत्पादन आमच्याकडे हेक्टरात बोलत नाहीत. ‘एका कट्ट्याला किती?’ असं विचारतात, म्हणजे बेण्याच्या एका कट्ट्यामागे किती कट्टे निघाले. काढणीच्या दिवसांत आप्पा पुण्याला आले होते, वाकडेवाडीला एसटीतून उतरून थेट प्लॉटवर. मी एक झाड उपटलं आणि त्यांना दाखवलं. पाच खोडं, मांडीच्या वर उंची. चौदा बटाटे निघाले, बहुतेक गोळी, सुपारीपेक्षा मोठे एवढंच. वजन ३३० ग्रॅम. शेजारच्या वाणाचं झाड उपटलं, दोन खोडं, बुटकं, पिवळं पडत आलेलं. पाच बटाटे, एक माझ्या मुठीत मावेना. वजन ३४० ग्रॅम. आप्पांनी दोन्ही ढीग मातीवर शेजारी शेजारी ठेवले, बोटाने माती झटकली आणि म्हणाले, ‘तराजूला फरक नाही. आडत्याला आहे.’

मग त्यांनी विचारलं, ‘बेणं कुठलं होतं?’

इथे माझा पाय घसरला होता. सोळापैकी चार वाणांचं बेणं दुसऱ्या ठिकाणाहून, शीतगृहातून उशिरा निघालेलं आलं होतं. त्याला टोकाच्या डोळ्यातून एकच लांबडा कोंब. बाकीच्यांना तीन-चार जाड, आखूड कोंब होते. मंचरला बेणं घेताना आप्पा पिशवीत हात घालून आधी हेच बघतात. एक कोंब म्हणजे झाडाला एक-दोन खोडं. टोकाचा कोंब मोडला की खालचे डोळे जागे होतात, म्हणून ते घरी आणून शेंडे मोडून आठवडाभर पसरून ठेवतात. बटाट्याचं बेणं वयाने जितकं पिकलेलं तितके कोंब जास्त, खोडं जास्त, बटाटे जास्त आणि बारके. म्हणजे मी ज्याला वाणाचा गुण म्हणून मोजत होते, ती चार वाणांच्या बाबतीत निम्मी बेण्याच्या वयाची करामत होती.

हे मी थेसिसमध्ये लिहायचं ठरवलं. काका म्हणाले, ‘कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? परीक्षक विचारतील तेव्हा बघू.’ चांगल्या मनाने म्हणाले, पण सल्ला चुकीचा. मी लिहिलं, ते चार वाण वगळून तक्ता पुन्हा काढायला लावला, दादाने जादा पैसे न घेता काढून दिला. खोडांचा धागा बारीक झाला, तुटला नाही. परीक्षकांनी खरंच तेवढंच विचारलं.

उंचीबद्दल अजून एक, कारण दुकानातले इतर बटाटेवालेही तिथेच अडकले होते. झाड उंच, गर्द, डोळ्यांत भरणारं असलं की बघणारा खूश होतो. पण बटाट्याला पोसायला रात्री गार लागतात. रात्रीचं तापमान वीसच्या वर राहिलं की झाड पाला वाढवत बसतं आणि खाली दाणा धरत नाही. युरियाचा हात सैल झाला तरी तेच. आमच्याकडे त्याला ‘पीक माजलं’ म्हणतात. त्यामुळे उंचीचा सहसंबंध एका हंगामात अधिक आणि दुसऱ्यात उणे निघाला तर नवल नाही. माझा एकच हंगाम आहे, तेव्हा माझे आकडे रब्बीपुरते धरा, पठारावरच्या पावसाळी बटाट्यावर चिकटवू नका. दुकानाने निष्कर्षात ‘महाराष्ट्रासाठी शिफारस’ असं घातलं होतं. मी खोडलं.

कोरड्या पदार्थाचा, म्हणजे बटाट्यातलं पाणी सोडून जे उरतं त्याचा, तक्ता त्यांनी ठीक केला. वेफर्सवाल्यांना वजनापेक्षा त्याचीच काळजी, वीस टक्क्यांच्या आसपास तरी हवा, नाहीतर तेल पिऊन मऊ पडतात. पुखराज वजनाला दांडगा, पण पाणीदार. चिप्सोना तळायला चांगला. यावर जास्त काही नाही.

टायपिंग: बरं. शास्त्रीय नावं तिरकी करायची राहतात, स्वतः बघा.

बाइंडिंग: उत्तम. मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं सरळ, पाठीवरचं नाव सुटत नाही. सकाळी दिलं, संध्याकाळी मिळालं, ते सुद्धा जूनच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा अख्खा हॉस्टेल त्या काउंटरवर लोंबकळत होता. तिसरा तारा याचा.

मराठी गोषवारा: इथे मात्र पाचशे रुपये पाण्यात. मशिनीतून काढून जसाच्या तसा छापून दिला. ‘प्लँट हाइट’चं झालं होतं ‘कारखान्याची उंची’. ‘कारखान्याची उंची व पानांची संख्या यांचा कंद उत्पन्नाशी सकारात्मक संबंध आढळला.’ उत्पादनाचं उत्पन्न झालं होतं, म्हणजे थेट पैशांतच. ‘आय डेप्थ’ला, म्हणजे आपल्या बटाट्याच्या डोळ्यांच्या खोलगटपणाला, ‘नेत्रांची खोली’. आणि मार्ग विश्लेषणाचं ‘पायवाटेचे विश्लेषण’, हे मला जरा आवडलंही होतं. मी बसून सगळं पुन्हा लिहिलं. दादाने ते टाइप केलं, मी दोनदा वाचलं.

तर जायचं का? बाइंडिंगला डोळे मिटून जा. विश्लेषणाला जायचं असेल तर स्वतःचा एक्सेल स्वच्छ करून न्या, कुठला रकाना कारण आणि कुठला परिणाम ते कागदावर बाण काढून न्या, डिग्री ऑफ फ्रीडम तोंडी विचारा आणि दादा एकटा असेल अशी वेळ गाठा, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. तेव्हा तो हेडफोन काढून बोलतो. त्यांनी लिहून दिलेला एकही परिच्छेद घेऊ नका. पैसे रोख द्या, जीपेचा कोड गेले तीन महिने ‘होऊन जाईल’ अवस्थेत आहे. जूनमध्ये जाऊ नका.

एक प्रत घरी दिली. आप्पा रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून गोषवारा वाचत बसले, इंग्रजी भाग पलटून थेट तिथेच. दुसऱ्या पानाच्या तळाशी थांबले आणि आतल्या खोलीतून हाक मारली, ‘अगं, तुमच्या प्लॉटवर कारखाना कुठे होता?’

एक राहिलाच होता.